तरी पुन्हा बघायचं

“ती नको,” डेलमस टॅकेट म्हणाला. “ती दिसायला ससा आहे, पण लाथ गाढवाची मारते.”

कोरीन मेडोजने काचेवर टेकवलेलं बोट मागे घेतलं. काचेखाली तिच्या मनात भरलेलं पिस्तूल होतं: तळहाताएवढं, हलकं, फिक्या निळ्या मुठीचं.

“बाईच्या हाताला लहानच बरं ना, काका?”

“सगळे असंच म्हणतात. अगं, तू शाळेची बस चालवतेस ना? मग सांग, खड्ड्यात रिकामी बस जास्त उडते की भरलेली?”

“रिकामी.”

“झालं तर मग. काडतूस तेच, दणका तोच. पण तो झेलायला या चिमणीच्या अंगात वजनच नाही. सगळा तुझ्या मनगटात येणार. एकदा झाडशील, दोनदा झाडशील आणि मग कपाटात ठेवून देशील. कपाटातलं पिस्तूल राखण करत नाही, पोरी.”

स्पर्लॉकच्या दुकानात खिळे, कुंपणाची तार, खाणकामगारांचे बूट आणि घोड्यांचं खाद्य यांच्या गर्दीतून वाट काढत मागच्या भिंतीपाशी गेलं की बंदुकांचं काउंटर लागायचं. वर ओळीने हरणांची मुंडकी, खाली काच आणि काचेमागे डेलमस. खाणीत छत कोसळून त्याची पाठ जायबंदी झाली, तेव्हा म्हाताऱ्या स्पर्लॉकने त्याला इथे उभं केलं होतं. स्पर्लॉक गेला; दुकान त्याच्या मुलीकडे, वर्नाकडे आलं; डेलमसचे केस पांढरे झाले; पण त्याची जागा बदलली नाही. त्या खोऱ्यातल्या बहुतेक घरांत दाराआड जी रायफल टेकलेली असे, ती त्याच्या हातून गेलेली होती. या गोष्टीचा त्याला अभिमान होता आणि तो लपवण्याची गरज त्याला कधी वाटली नव्हती. बंदूक माणसाच्या मापाची द्यावी, त्याच्या मिशांच्या मापाची नव्हे, असं तो म्हणे. छाती फुगवून आलेल्या कितीतरी तरण्याबांड गड्यांना त्याने दांडग्या कॅलिबरवरून, म्हणजे जाड काडतुसाच्या बंदुकीवरून, साध्या, सोसेल अशा कॅलिबरवर आणलं होतं. आणि तेच गडी पुढे आपापल्या मुलांना घेऊन त्याच्याकडे आले होते.

“आता सांग,” तो म्हणाला, “घरात कोण असतं?”

“मीच. आई गेल्यापासून एकटी. मी बस घेऊन गेले होते तेव्हा मागचं दार फोडलं मेल्यांनी. आईची उरलेली औषधं नेली आणि लाकडं कापायचं यंत्र नेलं. तेव्हापासून पानांचा आवाज झाला तरी उठून बसते.”

“आणखी कोणी येतं-जातं?”

“शनिवारी भाची येते राहायला. ताईची आणि होबर्टची मुलगी.”

“कुठे झोपते?”

“पलीकडच्या खोलीत.”

“मधली भिंत?”

“पातळ फळ्यांची आहे.” उत्तर देता देता कोरीनचा आवाज उतरला. असा विचार तिने केला नव्हता.

“म्हणजे गोळी भिंतीशी थांबणार नाही,” डेलमस शांतपणे म्हणाला. “म्हणून आधी ही लोखंडी पेटी घे. तुझ्या बोटांच्या ठशानेच उघडेल, भाचीच्या नाही. मग हा टॉर्च. दारात कोण आहे ते आधी डोळ्यांनी बघायचं. निम्म्या वेळा तो तुझा मेहुणाच असेल, घर चुकलेला.”

कोरीन पहिल्यांदाच हसली.

“मग हे कानांवर घालायचे मफ आणि चष्मा. आणि पिस्तूल सगळ्यांत शेवटी. हे बघ, नाइन एमएम, मध्यम बांध्याचं, अंगाने जरा जड. शिवाय जमलं तर पॉइंट टू-टूची, बारीक काडतुसाची एक रायफल, नुसती मजेला. कुंपणावर डबे मांडायचे आणि उडवायचे.”

“बाबा न्यायचे आम्हाला डबे उडवायला,” ती म्हणाली. “माझा नेम ताईपेक्षा चांगला होता.”

“नेम कुठे जात नाही. हात फक्त त्याला विसरतो.”

मग त्याने काचेवर रबरी चटई अंथरली. हा भाग त्याच्या सर्वांत आवडीचा. पिस्तुलाचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पिंपाकडे वळवून त्याने तिला क्रम दाखवला. आधी मुठीतलं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी काढायची. मगच वरची स्लाइड मागे ओढायची. चेंबरात, म्हणजे नळीच्या मागे काडतूस बसतं त्या घरात, डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं.

“हे उलटं करायचं नाही. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढलीस तर परत जाताना ती खालचं काडतूस घेऊनच जाते. तू समजणार रिकामं केलं, आणि केलेलं असतंस भरलेलं. आता घे.”

त्याने पिस्तूल उघडंच तिच्या हातात दिलं. ती नुसती धरून उभी राहिली.

“बघ ना आत.”

“तुम्ही आत्ता बघितलंत की!”

“मी बघितलं, वर्नाने बघितलं, वरून खुद्द देवाने उतरून बघितलं, तरी तुझ्या हातात आलं की तू पुन्हा बघायचं. यात कोणी रागवायचं नाही. या काउंटरवर न बघता घेणाराच अपमान करतो.”

“आणि देणारा चुकला तर?”

“तो काउंटरवरून उतरतो. कायमचा. विचार एमेटला.”

एमेट म्हणजे वर्नाचा सख्खा भाऊ. त्याने एकदा एका गिऱ्हाइकाच्या हातात भरलेली रायफल दिली होती. काही झालं नव्हतं. पण डेलमसने त्याच दिवशी त्याचा एप्रन उतरवला, आणि म्हातारा स्पर्लॉकही मुलाच्या बाजूने एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून एमेट पुढच्या भागात खिळे आणि तार विकत होता.

“मी इथे सुखात आहे!” एमेट तिथूनच ओरडला. “खिळा कधी आपोआप सुटत नाही!”

वर्ना गल्ल्यामागे हसली. तरी तिची नजर डेलमसच्या बोटांवर होती. गेल्या वर्षापासून ती त्याला आडून आडून आरामाविषयी सुचवत होती, आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं: ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी माझा मीच उतरेन, तोवर हा विषय नको. हरणांच्या शिकारीचा हंगाम पुढच्या सोमवारवर आला होता. हंगामाच्या आदल्या शनिवारी सगळं खोरं या काउंटरवर लोटे. तो दिवस डेलमससाठी जत्रेचा आणि दिवाळीचा एकदमच असे.

कोरीनला स्लाइड ओढता येईना. मनगटं स्टिअरिंगने झिजलेली होती. डेलमसने युक्ती सांगितली: चिमटीत धरू नकोस, सगळ्या तळव्यात स्लाइड पकड, ती तिथेच ठेव आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकल, अडलेलं दार ढकलतो तशी. तिसऱ्या खेपेला ती खटकन उघडली, आणि कोरीनचा चेहरा एकदम उजळला.

एवढ्यात होबर्ट आला. कोळशाच्या ट्रकवर असायचा. दारातून येतानाच त्याचा आवाज त्याच्या पुढे चालायचा.

“मेहुणीला खेळणं विकताय का, काका? नाइन एमएमने काय होतंय! ही घे कोरीन, माझ्या बापाची. पंचेचाळीस कॅलिबरची. समोरच्याला एकच लागली पाहिजे, बस.” त्याने कातडी पाकिटातून जुनं, जडशीळ पिस्तूल काढून चटईवर ठेवलं. “रिकामी आहे.”

“रिकामी आहे!” डेलमसने त्याच्या आवाजाची नक्कल केली. “थडग्यांवर कोरून ठेवावेत असे शब्द आहेत हे.”

त्याने पिस्तूल उचललं. वाळूच्या पिंपाकडे वळवलं. स्लाइड ओढली, चेंबरात डोकावलं, करंगळीने चाचपलं, सोडली. मग मॅगझिन काढलं, आणि ते काडतुसांनी भरलेलं पाहून त्याच्या डोळ्यांत विजय चमकला.

“हे काय? काय आहे हे? माणकं?”

“अरे देवा,” होबर्ट पुटपुटला.

“बापाचं पिस्तूल सांभाळतोस आणि बापाची अक्कल कुठे विकलीस? तुझा बाप या काउंटरवर उभा राहून एकेक काडतूस पुसून परत डबीत घालायचा. आणि तू? वर बायकांना शिकवायला येतोस!”

होबर्टची मान खाली गेली. एमेट पुढून हसू लागला, वर्नाही हसली. डेलमसने मॅगझिनमधली काडतुसं एकेक काढून वाटीत टाकली आणि प्रत्येक काडतुसागणिक होबर्टला एकेक शब्द सुनावला. इतकं प्रसन्न त्याला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

“तरी हातात घेऊन बघ एकदा,” तो कोरीनला म्हणाला. “वजन कळेल. नाही म्हणायचं तर कळून म्हणावं.”

आणि त्याने ते पिस्तूल, होतं तसंच, स्लाइड मिटलेलं, तिच्यापुढे सरकवलं.

कोरीनने ते दोन्ही हातांनी उचललं. चापाला बोट न लावता त्याचं तोंड पिंपाकडे वळवलं. मॅगझिनची जागा रिकामी आहे, हे पाहिलं. मग तळव्यात स्लाइड पकडली. ही नाइन एमएमपेक्षा ताठ होती. तिने ओठ आवळले, अडलेलं दार ढकलावं तशी मूठ पुढे ढकलली.

पितळेचं एक जाडसर काडतूस उसळून काचेवर पडलं आणि टकटक करीत घरंगळत डेलमसच्या एप्रनपाशी येऊन थांबलं.

घोड्यांच्या खाद्याची गोणी उचलणारा एमेट तसाच वाकलेला राहिला.

डेलमसने काडतुसाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. हातांनी काय केलं होतं, ते त्याला आता एकेक हालचाल आठवून दिसत होतं: स्लाइड आधी. मॅगझिन नंतर. दुसऱ्याची चूक पकडण्याच्या घाईत.

“चूक माझी,” होबर्ट घाईने म्हणाला. त्याच्या आवाजातली ऐट पार गेली होती. “भरलेली मीच आणली. शपथेवर सांगतो.”

“तुझी चूक तुझ्यापाशी,” डेलमस म्हणाला. “ही माझी आहे.”

“काका, काही झालं नाही ना,” कोरीन म्हणाली. पिस्तूल उघडं ठेवून ती दोन पावलं मागे सरली होती.

“झालं नाही. कारण तू बघितलंस.” तो तिच्याकडे पाहत राहिला. लाजेने त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. पण त्या लाजेखाली आणखी काही होतं, आणि ते लाजेपेक्षा मोठं होतं. “मी दिलं, चाळीस माणसांसमोर मिरवतो त्या मी, आणि तरी तू बघितलंस. माझी भीड धरली नाहीस. शाब्बास, पोरी.”

वर्ना गल्ल्यामागून आली. तिने हळूच ते काडतूस मुठीत घेतलं.

“आपण पाचच जण आहोत इथे,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “हंगाम तोंडावर आलाय, काका. तेवढा काढा. मग बघू.”

डेलमसने पुढच्या भागाकडे पाहिलं. एमेट सरळ उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुडाचा मागमूस नव्हता. त्यानेही मान हलवली, म्हणजे, राहू दे, काका.

“तुझ्या बापाने पोटच्या पोराला सूट दिली नाही, वर्ना,” डेलमस म्हणाला. “मी कोण लागून गेलो?”

त्याने पाठीमागची गाठ सोडली. बोटांना ती लवकर सुटेना. वर्ना मदतीला पुढे झाली, तेव्हा त्याने मानेनेच नको म्हटलं. एप्रन घडी करून काचेवर ठेवला. कपाटांच्या किल्ल्या त्यावर ठेवल्या. मग काउंटरच्या टोकाची फळी उचलून तो बाहेर आला आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला, होबर्टशेजारी उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने हरणांची मुंडकी समोरून कधी पाहिली नव्हती. त्यातल्या एकाचा कान उसवला होता.

“हं,” तो वर्नाला म्हणाला. “बाईंना नाइन एमएम पुन्हा दाखव. मध्यम बांध्याचं. आणि होबर्ट, तोंड बंद ठेव.”

“काका, मी काही बोललोच नाही!”

“बोलणार होतास.”

हंगामाच्या आदल्या शनिवारी रांग खाद्याच्या गोण्यांपर्यंत गेली होती. नारिंगी जाकिटं, तंबाखू, ओल्या लोकरीचा वास, काळ्या कॉफीचे कागदी पेले. डेलमस रांगेच्या शेवटी उभा राहिला. लोक त्याला पुढे जाऊ देत होते. तो जात नव्हता. जाता-येता माणसं विचारत, काका, दहा वर्षांच्या पोराला कुठली घेऊ, आणि तो काउंटरकडे बोट दाखवून म्हणे, वर्नाला विचार, तिला कळतं. आपण शिकवलेली माणसं काम करताना लांबून कशी दिसतात, हे तो आज प्रथमच पाहत होता. वर्नाने एका मिशाळ गड्याला दांडग्या रायफलीवरून हलकेच खाली आणलं, तेव्हा तो स्वतःशीच हसला.

त्याच्या पुढे कोरीन होती, पॉइंट टू-टूच्या काडतुसांची डबी घ्यायला आलेली. तिने त्याला घडी घातलेला कागद दाखवला. भोकं बशीएवढ्या जागेत होती. एकच भरकटलं होतं.

“हे कुठे गेलं?”

“भाची शिंकली.”

“मग ते मोजायचं नाही.”

त्याची पाळी आली. त्याची जुनी रायफल वर्नाकडेच होती. नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीने नेम धरतो, दुर्बिणी आंधळ्यांसाठी, असं आयुष्यभर म्हणणाऱ्या डेलमसने तिच्यावर दुर्बीण बसवायला दिली होती. वर्नाने ती मांडणीवरून उतरवली. चेंबर उघडणारा बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं, करंगळी घातली आणि उघडीच त्याच्यापुढे धरली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नळी वळवलेल्या पिंपाकडे पाहिलं, जसं पाहायचं असतं.

रांगेत डेलमसच्या मागचा, कोऱ्या जाकिटातला एक परगावचा गडी बाजूला थांबलेल्या कोरीनकडे वाकून कुजबुजला, “त्या बाईने आत्ताच दाखवली ना? मग हा म्हातारा पुन्हा काय शोधतोय?”

“इथे असंच करतात,” कोरीन म्हणाली.

डेलमसची करंगळी चेंबरात होती. पोलाद गार होतं आणि रिकामं. त्याने ती थोडा वेळ तशीच राहू दिली. रांग थांबली, आणि कोणी घाई केली नाही.