खिशातला कान

मी एक जुना कान आहे, मित्रांनो. दचकू नका! डोक्याला चिकटलेला नव्हे, सदऱ्याच्या खिशात राहणारा. बिस्किटाएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बटण, एवढाच माझा पसारा. शहाणे लोक मला श्रवणयंत्र म्हणतात. बाकीचे डबडं म्हणतात, भंगार म्हणतात आणि अलीकडे तर भोचकही म्हणायला लागलेत. म्हणू देत. मी लोकांचं ऐकतो, पोटभर ऐकतो आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला कानाला लावून तपासणाऱ्या बाई त्या वेळी शेजारणीला आपल्या नणंदेच्या लग्नातली भांडणं सांगत होत्या. म्हणजे जगात आल्या आल्या मी ऐकली ती दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. आणि तीही अर्धीच! ऐन रंगात असताना बाईंनी मला बंद करून खोक्यात घातलं. त्या नणंदेचं पुढे काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ही रुखरुख घेऊनच मी ग्वाल्हेरला आलो.

मला घेतलं जयेंद्रगंजातल्या जगदेवरावांनी. तोफखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. तोफांनी कान नेले, मिशा तेवढ्या शाबूत ठेवल्या. पहिल्यांदा मला लावलं, तेव्हा त्यांच्या पत्नी शांताताई म्हणाल्या, "अहो, आता तरी ओरडून बोलू नका." रावांना ते इतकं स्वच्छ ऐकू आलं, की त्यांनी आनंदाने ओरडूनच "बरं!" म्हटलं. काय माझं कौतुक व्हायचं तेव्हा! शांताताईंनी माझ्यासाठी मऊ पिशवी शिवली, रावांच्या सदऱ्यांना मोठे खिसे लावून घेतले.

पुढे शांताताई गेल्या आणि घर गप्प झालं. मुलगा समरजीत सकाळीच सिटी सेंटरला बँकेत जायचा, सून सोनिका तिच्या शाळेत. राव गॅलरीत बसून असायचे. दिवसचे दिवस मला सदऱ्याच्या खरखरीशिवाय काही ऐकायला मिळत नव्हतं. फार वाईट दिवस होते ते.

मग शेजारी सीमंतिनी राहायला आली, आपल्या चिमुरड्या तन्वीला घेऊन. तन्वी जेवायला महा हट्टी. गोष्ट असेल तरच घास! म्हणून सीमंतिनी रोज दुपारी तिला गॅलरीत बसवून भरवायची आणि गोष्ट सांगायची. गोष्ट होती एका बकरीची. ती बकरी चढून किल्ल्यावर जाऊन बसली होती आणि खाली यायलाच तयार नव्हती. रोज कोणीतरी तिची समजूत काढायला वर जायचं. दूधवाला म्हणायचा, "चल गं बाई, हिरवा पाला देतो." बकरी म्हणायची, "मी नाही जा!" मग दुसऱ्या दिवशी हलवाई, तिसऱ्या दिवशी हवालदार.

"फिर? फिर क्या हुआ, आई?" तन्वी विचारायची.

इकडे राव तोंडासमोर पेपर धरून बसायचे, पण पान काही उलटायचं नाही. आधी मिशीतल्या मिशीत हसायचे, मग मोठ्याने. आम्ही दोघे त्या बकरीपायी पार वेडे झालो होतो.

समरजीतला ते रुचलं नाही. "आबा, दुसऱ्यांच्या घरातलं असं कान लावून ऐकणं बरं दिसतं का? लोग क्या कहेंगे?" म्हणाला आणि एक नखाएवढं नवं यंत्र घेऊन आला. "हे फक्त समोरच्याचं ऐकवतं. आजूबाजूचं सगळं फालतू गाळून टाकतं."

फालतू! मला इतका राग आला म्हणून सांगू! पण मला विचारतो कोण? सुट्या बटणांबरोबर आणि बोथट कात्रीबरोबर माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली.

नंतर एका रविवारी ड्रॉवर उघडला. रावांनी मला नवा सेल घातला, चालू केलं आणि बडबडत सगळं सांगितलं. "पलीकडे ती पोरगी आ करून बसलेली, तिच्या आईचे ओठ हलताहेत आणि माझ्या कानात काही म्हणजे काही नाही. बकरीचं काय झालं ते कोण सांगणार मला?"

मला खिशात घालून ते गॅलरीत आले आणि नव्या यंत्राचा डबा हातात घेऊन मागोमाग आलेल्या समरजीतने नेमकं पाहिलं.

"आबा, फिर से वही? इतकं महागाचं यंत्र आणून दिलं. शेवटी तुम्हाला हवंय तरी काय?"

राव ताडकन उठले. आवाज तोफखान्यातला.

"अरे, माझं आयुष्य मला पाठ आहे! त्यात पुढे काय व्हायचंय तेही ठाऊक आहे. बकरीचं काय होणार, ते मात्र ठाऊक नाही. तेवढ्यासाठी सकाळी उठावंसं वाटतं मला. तुझं यंत्र नेमकं तेच गाळतं!"

सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. शेजारच्या गॅलरीत वरणभाताची वाटी घेऊन सीमंतिनी उभी होती. समरजीतचा चेहरा उतरला.

"सॉरी, भाभी. आबांना जरा सवय आहे..."

"सवय आम्हालाही लागलीय," सीमंतिनी म्हणाली. "काका हसायचे थांबले, तेव्हापासून ही घास गालात धरून बसते. गिळतच नाही."

"आजोबा, आप हँसे क्यों नहीं?" तन्वी रागावून म्हणाली. "बकरी को बुरा लगा!"

रावांचे डोळे भरून आले. "कुठवर आलीय बकरी?" त्यांनी विचारलं.

"तिथेच आहे. आज एक मिशीवाले फौजी वर गेलेत तिला आणायला."

रावांचा हात मिशीवर गेला.

"मग? पुढे?"

हे रावांनी नाही विचारलं. समरजीतने विचारलं! नव्या यंत्राचा डबा हातात तसाच धरून तो कठड्यावर वाकला होता.

मित्रांनो, ऐकलेली गुपितं कोणी चव्हाट्यावर मांडू नयेत. पण आपलं आपल्यापुरतं बघावं, असं जे सांगतात, त्यांचं मी मुळीच ऐकणार नाही. आपल्यापुरतं घर किती गप्प असतं, ते मी या कानाने ऐकलंय. कोणी गोष्ट सांगत असेल तर खुशाल थांबा, हसा, पुढचं विचारा. आणि घरात माझ्यासारखा एखादा जुना कान पडला असेल, तर त्याला वेळेवर सेल घाला, त्याची वायर ओढू नका.

फौजीला बकरी काय म्हणाली, ते राहिलंच की! "मी नाही जा," म्हणाली. मग फौजी तिच्या शेजारीच बसला आणि तिचीच गोष्ट ऐकायला लागला. आता दोघेही वर आहेत. उतरवायला यायचं असेल त्याने खुशाल यावं!