अंगठा देण्याआधी

लोणावळ्याच्या त्या इंग्रजी निवासी शाळेत सावित्राबाई चौदा वर्षं भांडी घासत होती, पण डिसेंबर आला की तिचा मान वाढायचा. शाळेतली वरच्या वर्गातली मुलं केंब्रिजची परीक्षा द्यायची. उत्तरपत्रिका पिशवीत घालून, तोंड शिवून, वर लाखेचा शिक्का बसला की ती पिशवी डोक्यावरून स्टेशनात पोचवायची ती सावित्राबाईनं. शाळेचा शिपाई एकदा पिऊन वाटेतच झोपला, तेव्हापासून हे काम तिच्याकडं आलं ते आलंच. पिशवी उचलण्याआधी मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, मोडक्यातोडक्या मराठीत आतली यादी मोठ्यानं वाचायच्या आणि मगच बाई चिठ्ठीवर अंगठा द्यायची. हा कायदा बाईचाच. "काय उचलते ते ऐकल्याबिगर मी अंगठा देत न्हाई," असं तिनं पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

मॅडमना ही बाई तेव्हाच आवडली. त्यांनी तिच्या मुलीला, चिंगीला, शाळेत घेतलं. फी माफ केली, पण अभ्यासात काडीची सूट दिली नाही. आणि एका डिसेंबरात यादी वाचता वाचता चिंगीचंही नाव आलं. त्या दिवशी स्टेशनाकडं जाणारा तुंगार्लीचा उतार बाई कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही.

चिंगी पास झाली. आता ही परीक्षा म्हणजे शाळेच्या वरची. ती पास झालेल्याला कॉलेजातलं प्री-डिग्रीचं वर्ष माफ, थेट बी. ए.च्या वर्गात बसायचं, असा अकरावा नियम कॉलेजच्या छापील पुस्तकात होता. मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून पुस्तक चिंगीच्या हातात दिलं. त्या एका वर्षावर सगळं अडलं होतं. पुण्याच्या एका महिला मंडळानं वसतिगृहात खाट दिली होती ती तीन वर्षांपुरती, पुढं एक दिवस नाही. वर्ष माफ झालं तर तीन वर्षांत पदवी हातात. नाही झालं तर पदवीच्या तोंडाशी येऊन पोरगी परत वाडीवर.

जूनमध्ये प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मायलेकी पुण्याला कॉलेजच्या ऑफिसात उभ्या राहिल्या. हेडक्लार्क हनुमंतराव हे गृहस्थ नियम पाठ असलेले, पण माणूस बघून आठवणारे. त्यांनी सर्टिफिकेट उलटंसुलटं करून पाहिलं.

"केंब्रिजच्या सर्टिफिकेटवर चिंगी?"

"माझं नाव आहे," चिंगी म्हणाली.

"असू दे. पण ही सवलत मोठ्या अधिकाऱ्यांच्या, परदेशातून आलेल्यांच्या मुलांसाठी असते. तू आपली प्री-डिग्रीला बस. झेपेल तरी."

चिंगीनं पुस्तक उघडून लाल रेघेवर बोट ठेवलं. "यात बापाचं काही लिहिलेलं नाही."

हनुमंतरावांना हे झोंबलं. "मग हे सर्टिफिकेट खरं आहे असं विलायतेहून पत्र आणा. आणि आज पाचला प्रवेश बंद."

विलायतेचं पत्र पाचच्या आत कसं येणार, हे न कळण्याइतकी सावित्राबाई भोळी नव्हती. ती टेबलापाशी पुढं झाली.

"रावसाहेब, आमच्या शाळेचा तुंगार्लीच्या बंगल्यातला पोरगा गेल्या साली हितंच आला. त्याच्या आईनं आमाला पेढं वाटलं. त्याचं पत्र आलं व्हतं?"

"त्यांचं घराणं माहितीतलं आहे, बाई."

"घराण्यानं परीक्षा दिली व्हती व्हय? त्याचं पेपर मी न्हेलं, ह्या डोक्यावरनं. माज्या पोरीचं बी मीच न्हेलं. पिशवी तसलीच, लाख तीच. त्याचं खरं आन् हिचं खोटं कसं वो?"

आवाज चढला तसे आतून प्राचार्य बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि गेल्या वर्षीची फाइल मागवली. त्या मुलाच्या कागदांत विलायतेचं पत्र नव्हतं. हनुमंतराव खिडकीबाहेर बघू लागले. प्राचार्यांनी चिंगीचा अर्ज ओढून त्यावर एक ओळ खरडली आणि सही ठोकली.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले आणि हनुमंतरावांकडं वळले. "पालकाचा अंगठा घ्या."

हनुमंतरावांनी शाईची डबी पुढं सरकवली. सावित्राबाईनं हात पदराआड घेतला.

"काय लिवलंय ते वाच, चिंगे."

चिंगीनं वाचलं. "'मुलगी गरीब व मागास वस्तीतील असल्याने दया म्हणून, विशेष बाब समजून थेट बी. ए.ला प्रवेश द्यावा.'" मग ती आईच्या कानाशी लागली. "आये, दे अंगठा. वर्ष तर वाचलं."

पोरगी घाबरली होती. आईही घाबरलीच होती. घड्याळात साडेचार वाजले होते आणि साहेब पुन्हा आत निघून गेला तर सगळंच पाण्यात जाणार होतं. तरी ती म्हणाली, "न्हाई."

"बाई, झालेलं काम कशाला बिघडवता?" हनुमंतराव म्हणाले.

बाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती प्राचार्यांशी बोलली. "साहेब, त्या बंगल्यातल्या पोराच्या कागदावर दया लिवलीया का?"

प्राचार्यांनी समोर उघड्या पडलेल्या फाइलीकडं पाहिलं. "नाही."

"मग हिच्या का? मी तुमच्याकडनं दया उचलली न्हाई. पेपर उचलले. जे उचललं तेवढंच लिवा, मग अंगठा देते."

प्राचार्यांचा चेहरा लाल झाला, ते रागानं की आणखी कशानं हे त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी पेन उघडलं, ती ओळ आडवी खोडली आणि खाली दुसरी लिहिली.

"'नियम अकराप्रमाणे पात्र,'" चिंगीनं वाचलं.

"येवढंच?"

"एवढंच."

"बरं हाय," म्हणून सावित्राबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबून धरला. हनुमंतरावांनी पुसायला फडकं पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही. शाईचा अंगठा तसाच वर धरून ती गाडीत बसली. वाडीवर सगळ्यांना तो दाखवायचा होता.