न उचललेला हात

शाळेचा शिपाई गुंडा यानं मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि ते वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली वीट लावली. बाहेर व्हरांड्यात पालकसभेच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी आपली खुर्ची जराशी तिरकी करून घेत होता, आतलं टेबल नीट दिसेल अशी.

टेबलाच्या एका अंगाला शिवराज उभा होता, दुसऱ्या अंगाला आतिफ. दोघंही दहावीतले. आदल्या आठवड्यात खेळाच्या तासाला आउट की नॉट आउट यावरून दोघांनी एकमेकांचे शर्ट फाडले होते. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्या रेटारेटीत पाणी प्यायला आलेला आठवीतला प्रभु टाकीच्या कट्ट्यावरून खाली गेला आणि त्याचा हात मोडला. प्रभु घरी प्लास्टरमध्ये होता. त्याचे वडील वीरभद्रप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि आवाज दुकानातल्यासारखाच होता.

"मी कधीपासून सांगतोय, शिस्त राहिली नाही. नियम करा की एक. मारामारी केली की दाखला हातात. ह्या दोघांपासून सुरू करा."

"दाखला देऊन काय होणार?" इफ्राची आई अरिबा म्हणाली. तिची मुलगी नववीत होती. "शाळेतून काढलं की पोरं चौकात बसणार. आमच्या पोरी घरी त्याच चौकातून येतात."

"मग काय आरती ओवाळायची?"

"तसं नाही म्हटलं मी. मलाही रोज धाकधूक असतेच."

मागून कोणी तरी कॅमेरे बसवा म्हणालं. कोणी म्हणालं, मधल्या सुट्टीत संडास धुवायला लावा. एकानं पोलिसांना बोलवायचं सुचवलं आणि लगेच स्वतःच मागं घेतलं. शिस्त हा विषयच असा आहे की त्यावर बोलायला कुणाला तयारी लागत नाही. बोलता बोलता सगळ्यांना आपापले मास्तर आठवले, त्यांच्या छड्या आठवल्या, आणि त्या छड्यांमुळेच आपण माणसात आलो असं प्रत्येकानं आळीपाळीनं सांगितलं. माणसात आलेल्यांची ती सभा अशी बराच वेळ चालली.

कासीम शेवटच्या रांगेत बसला होता. आतिफ त्याचा मुलगा. अक्कलकोट रोडला रिक्षा-टेम्पोच्या सीट शिवायचं त्याचं दुकान होतं, आणि सभेसाठी तो एका टेम्पोची सीट अर्धी उसवलेली ठेवून आला होता. शेजारी शिवराजचा बाप हिंदुराव. तो टॉवेलच्या कारखान्यात होता. दोघंही मूळचे मंद्रूपचे, लहानपणी एकाच बाजारात भेळ खाल्लेले. पोरं भांडली म्हणून त्यांच्यात काही बिघडलं नव्हतं. मघाशी गेटवर हिंदुरावनंच त्याला तंबाखू मळून दिली होती.

मुख्याध्यापकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"कायद्यानं आम्हाला मुलांना बोटही लावता येत नाही. ती पाटी बघा." त्यांच्या डोक्यावर पाटी होतीच, शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी असल्याची, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. "दाखला देणं मलाही जिवावर येतं. दहावीचं वर्ष आहे. आता या दिवसांत दुसरी शाळा घेत नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं लागतं. पण घरच्यांनी मुलांना काही समज दिली, हे पालकांना दिसलं पाहिजे."

"मला कुणाच्या लेकराचं वाटोळं करायचं नाही," वीरभद्रप्पा म्हणाले. "बापानं बापासारखं वागावं, एवढंच."

व्हरांड्यात सगळ्यांना समजलं. या शाळेत भांडणं अशीच मिटत असत. मास्तरांचे हात कायद्यानं बांधले, तेव्हा शाळेनं बापांचे हात मागून घेतले. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कासीमला मात्र हे ठाऊक नव्हतं, कारण आतिफसाठी त्याला याआधी कधी शाळेत यावंच लागलं नव्हतं.

हिंदुराव उठला. आत जाताना त्यानं बाह्या सारल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि खाली मान घालून रुमालानं काचा पुसायला घेतल्या. चष्म्याशिवाय त्यांना टेबलापलीकडचं दिसत नसे, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

आवाज पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत आला. शिवराज गाल धरून खाली बसला आणि मोठ्यानं रडला. हिंदुरावनं दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा वीरभद्रप्पाच उठून दारापर्यंत गेले.

"बास, बास हिंदुराव. पोर आहे."

एवढा वेळ खुर्च्यांच्या टोकावर बसलेली माणसं जरा मागं रेलली. अरिबानं पदरानं मान पुसली. शिवराजला गेटकडं पाठवून हिंदुराव बाहेर आला आणि कासीमच्या खुर्चीशी वाकला.

"हात पोकळ ठिवा, कासीमभाई," तो हळूच म्हणाला. "आवाज लई येतोय, लागत काय न्हाय. एक हाणा आन् मिटवा."

कासीम आत गेला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या. मुख्याध्यापकांनी नुकताच चढवलेला चष्मा पुन्हा काढला.

आतिफनं हात पाठीमागं बांधले होते. बाप समोर आला तसे त्यानं डोळे मिटले आणि हनुवटी किंचित वर केली. पापण्या थरथरत होत्या. कासीमनं ते पाहिलं.

कासीमला डाव्या कानानं ऐकू येत नसे. मंद्रूपला असताना, या पोराच्याच वयात, बापाच्या हातानं तो कान गेला. बैलाला वैरण उशिरा घातली, एवढंच कारण होतं. त्यानंतर तो जो सोलापूरला पळून आला तो बापाच्या मयतीलाच परत गेला. आतिफ झाला तेव्हा त्यानं बायकोला, गुलबानोला, सांगितलं होतं, या पोराला मी कधी हात लावणार न्हाय. आज सकाळी घरातून निघताना तिनंच त्याला आठवण करून दिली होती. गरज नव्हती. समोर मिटलेल्या त्या डोळ्यांत त्याला मंद्रूपचा गोठा दिसला, आणि बाप म्हणून आपण काय करायचं हे त्याला इतकं स्पष्ट आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

त्यानं आतिफच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी न्हाय मारणार," तो म्हणाला.

आतिफनं डोळे उघडले आणि तो बापाकडं बघत राहिला.

मुख्याध्यापकांनी चष्मा लावला. "म्हणजे?"

"चूक झाली हाय पोराची. त्याची माफी मी मागतो." कासीम वळून दारात आला आणि त्यानं वीरभद्रप्पांसमोर हात जोडले. "आप्पा, तुमच्या प्रभुचं प्लास्टर निघूस्तोवर मी त्याला रोज गाडीवरनं शाळेत सोडतो, परत आणतो. दप्तर आतिफ उचलंल. डबा भरवायचा तर भरवंल. तुमी सांगाल ते करतो. पण मारणार न्हाय."

"मला ड्रायव्हर नकोय," वीरभद्रप्पा म्हणाले.

"पाय धरू का?"

"पाय कशाला धरता? हिंदुरावनं मारलं ना? त्याला पोराची माया नाही काय? का तुमच्यात वेगळं असतं?"

ते शेवटचं वाक्य कुणाला आवडलं नसेलही, पण नाही आवडलं असं म्हणायला कोणी उठलं नाही. अरिबा पायाखालच्या फरशीकडं बघत राहिली. हिंदुराव तंबाखूच्या डबीचं झाकण उघडत होता आणि लावत होता. जोडलेल्या हातांचा आवाज होत नाही, आणि ती माणसं आवाज ऐकायला बसली होती.

"पोरं लाडावतात ती अशी," मागून कोणी तरी म्हणालं.

"बघा कासीमभाई," मुख्याध्यापक म्हणाले, आणि त्यांचा स्वर खरोखरच दुःखी होता. "एकाला समज मिळाली, एकाला नाही. उद्या हे पालक मला विचारतील. शाळा कुणाला काढत नाही. तुम्हीच अर्ज द्या. घरगुती कारणास्तव दाखला मिळावा, एवढंच लिहा. परवा येऊन घेऊन जा."

गुंडानं कागद आणून ठेवला. मुख्याध्यापक सांगत गेले तसं कासीमनं लिहिलं. घरगुती या शब्दाशी तो क्षणभर थांबला, मग पुढं लिहून खाली सही केली. इतका वेळ शिस्तीवर पोटतिडकीनं बोललेली सभा चहा आल्यावर पाच-दहा मिनिटांत आटोपली. कुणाला मुलीचा क्लास होता, कुणाचं दुकान उघडं होतं.

गेटपाशी शिवराज उभा होता. त्याच्या गालावर लाली होती, पण रडं केव्हाच थांबलं होतं. तो आतिफजवळ आला.

"तुला न्हाय मारलं?" त्यानं विचारलं.

आतिफनं मान हलवली.

"का रं?"

आतिफ गाडीवर जाऊन बसला. शिवराजला हेवा वाटत असणार, असं कासीमला वाटलं, आणि त्याची दया आली.

घरी जाताना, कुंभारीच्या वाटेवर, कासीम गाडी सावकाश चालवत होता. पोराचं नुकसान होणार होतं, ते त्याला कळत होतं. पण जीव हलका झाला होता. आपण फॉर्म भरू, सकाळी पोराला अभ्यासाला बसवू, दुपारी दुकानाच्या माळ्यावर पंखा लावून देऊ, असं तो मनाशी जुळवत होता. मंद्रूपच्या गोठ्यात जे सुरू झालं होतं ते आज एवढ्या माणसांसमोर आपण थांबवलं, याचा त्याला अभिमानही वाटत होता. तो त्याला वाटू द्यायला हरकत नव्हती. आयुष्यात अभिमान वाटावा अशा गोष्टी त्याच्या वाट्याला फार आल्या नव्हत्या.

आतिफ मागून उजव्या खांद्याकडं झुकला. बापाला ऐकू जावं असं काही बोलायचं असलं की तो लहानपणापासून त्याच बाजूला झुकत असे.

"अब्बा, आमचं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

"शिवराजचं आन् माझं. आमी कवाच बोलायला लागलो होतो. एक-एक खायची आन् मोकळं व्हायचं. नववीत असताना वर्गातल्या दोघा पोरांचं असंच मिटलं होतं. सगळ्यांचं असंच मिटतंय."

समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. कासीमनं गाडी कडेला घेतली आणि तो गेल्यावरही पुन्हा रस्त्यावर घेतली नाही. इंजिन चालूच होतं.

"मला वाटलं तू भ्यालास," तो म्हणाला. "डोळं मिटलं होतंस."

"भ्यालो न्हवतो. उभा राहिलो होतो की तुमच्यासाठी. हनुवटी पण वर केली होती."

कासीमनं आरशात बघायचा प्रयत्न केला, पण आरशात पोराचा खांदाच येत होता.

"शिवराजच्या बापानं शिवराजसाठी मारलं," आतिफ म्हणाला. तो रडत नव्हता, आवाजही चढला नव्हता. "तुमी न्हाय मारलं ते कुणासाठी?"

आतिफ पुन्हा सरळ बसला. मग कासीमनं गाडी रस्त्यावर घेतली.

गुलबानो दारातच होती. कणकेचे हात तसेच होते. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग पोराकडं, आणि तिचं लक्ष पोराच्या चेहऱ्यावर फिरत राहिलं.

"काय झालं?" तिनं विचारलं. "हात तर न्हाय ना उचलला?"

कासीम गाडी स्टँडवर लावत होता. स्टँड एकदा निसटला, त्यानं पुन्हा लावला.

"न्हाय," आतिफच म्हणाला. "अब्बांनी हात लावला न्हाय."

"अल्लाचं शुकर," ती म्हणाली. मनगटानं तिनं पोराचा एक गाल चाचपला, मग दुसरा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आतिफनं तिचं मनगट धरून हळूच बाजूला केलं. आत जाऊन त्यानं दप्तर खांद्यावरून काढलं, रोजच्या खुंटीकडं एकदा बघितलं, आणि ते पायानं खाटेखाली सरकवलं.