लाल नळ माझा आहे

मी गीझर बोलतोय. ऐंशी लिटरचा, पांढरा, पोटाला एक पोचा पडलेला. आखातात, अल हैलमधल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर, बाथरूममध्ये छताखाली टांगलेला असतो. मला जुना म्हणा, चालेल. निकामी म्हणू नका. ते एकदा मुकाट्याने ऐकून घेतलं, आता नाही.

जन्म कारखान्यातला, पण शुद्धीवर आलो तो रुवीत, गुरुदत्तशेठच्या दुकानात. नमुना म्हणून शेठनी मला दर्शनी भिंतीवर चढवलं. गिऱ्हाईक आलं की बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टकटक करायचे आणि म्हणायचे, आवाज ऐका साहेब, हा टिकणारा. शाळेत न जाता धंदा शिकलो तो तिथेच. पहिला सांगितलेला भाव हा भाव नसतोच, ते गिऱ्हाइकाला बसायला दिलेलं स्टूल असतं. डोंगराकडच्या रुस्ताक गावचे एक आजोबा तीन वेळा कहवा पिऊन, घासाघीस करून उठून गेले आणि चौथ्या वेळी पहिल्याच भावाला गीझर घेऊन गेले. शेठ हसून म्हणाले, त्यांना भाव नको होता, गप्पा हव्या होत्या.

एकदा शिडी माझ्यावर आपटली आणि हा पोचा पडला. त्या पोच्यापायी मी स्वस्त झालो आणि या व्हिलाचे मालक मुआज यांनी मला उचललं. ते वर राहतात. खाली भाडेकरू आले लोकेश आणि मैत्री. लोकेश इंजिनिअर, दोघंही बदलापूरकडचे.

आता माझं खरं काम सांगतो. हिवाळ्यात पाणी तापवतो, ते कुणीही तापवेल. पण इथला उन्हाळा वेगळा. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात उकळते आणि निळ्या नळाला, म्हणजे थंड पाण्याच्या नळाला, चटका देणारं पाणी येतं. मग इथली माणसं काय करतात? माझं बटण बंद करतात. पहाटे टाकीतलं पाणी त्यातल्या त्यात निवलेलं असतं, ते माझ्या पोटात येऊन घरातल्या गारव्यात पडून राहतं. त्यामुळे मेपासून सप्टेंबरपर्यंत या घरात गरम पाणी निळ्या नळाला आणि गार पाणी लाल नळाला.

लोकेशची आई, ललिताबाई, पहिल्यांदा आल्या त्या जूनमध्येच. बादलीत निळा नळ सोडला, हात घातला आणि ओरडत बाहेर आल्या. मैत्रीने त्यांना लाल नळ दाखवला. बदलापूरला परत गेल्यावर त्यांनी सगळ्या बिल्डिंगला हे सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही, उलट आजींना उन्हाळा बाधला म्हणाले.

तर अशी माझी इज्जत. मग या जानेवारीत माझा रॉड गेला. पाणी कोमट यायला लागलं. मैत्रीला दिवस गेलेले, बाळ जूनमध्ये यायचं होतं. व्हिडिओ कॉलवर ललिताबाईंचं एकच टुमणं, बाळाला भरपूर गरम पाणी लागतं, नवा घ्या. थंडीचे दिवस, सगळ्यांच्या डोक्यात फक्त गरम पाणी.

लोकेशने गीझरच्या दुकानात फोन लावला आणि दारात कोण उभं? गुरुदत्तशेठ. म्हटलं, आपला माणूस आला, रॉड बदला म्हणेल. शेठनी पोटावर टकटक केली, पोचा चाचपला. मला ओळखलं, शंभर टक्के ओळखलं. आणि म्हणाले, "लोकेशभाऊ, याचं आयुष्य संपलं. आता गॅसचा घ्या. टाकीच नाही, नळ उघडला की गरम."

त्यांचा राग नाही, मीही धंद्यातलाच. पण बघा भाव कसा वाढतो. आधी नुसता गीझर, स्वस्त वाटला. मग तो बाथरूममध्ये चालत नाही, बाहेरच्या भिंतीवर लावायचा, म्हणून पाइप. मग धुराचं नळकांडं. मग सिलिंडरला जाळीचा पिंजरा. मग मजुरी. लोकेश इंजिनिअर असूनही पाण्याचा वेग, गॅसची बचत असलेच प्रश्न विचारत राहिला. उन्हाळ्यात काय, हे कुणीच विचारलं नाही.

वाचलो तो मुआज यांच्या स्वभावामुळे. ते म्हणाले, नवा खुशाल लावा, पण जुना माझा आहे, फेकायचा नाही. गावी रुस्ताकच्या घरी लावीन, इन्शाल्ला. मला उतरवून जिन्याखाली उभं केलं. माझ्या डोक्यावर कांद्याची टोपली आली. मी वाट बघत राहिलो. मे येणार होता, त्याला कुणी थांबवू शकत नाही.

मे आला. निळ्या नळाला चटका, लाल नळालाही तोच चटका, कारण नव्या गड्याला पोटच नाही. वरून येईल ते पुढे ढकलतो. बादल्या भरून रात्रभर एसीत ठेवायची वेळ आली. जूनमध्ये मुलगी झाली, तिचं नाव प्रणाली ठेवलं. ललिताबाई आल्या, पाय पसरून पाटावर बसल्या, नात पायांवर घेतली आणि सवयीने लाल नळाखाली तांब्या धरला. बोट घातलं आणि हात झटकला. बाळाच्या अंगावर थेंब पडला नाही, पण त्यांचा चेहरा उतरला.

"मैत्री," त्या म्हणाल्या, "लाल नळाचं गार पाणी कुठं गेलं गं?"

मैत्री दारातच थांबली. मग जिन्याकडे बघत म्हणाली, "आई, ते आपण कांद्याखाली ठेवलंय."

लोकेशने शेठना बोलावलं. ललिताबाईंनी त्यांना चहा दिला आणि गोड आवाजात विचारलं, "शेठ, तुमच्या स्वतःच्या घरी कुठला आहे हो?" शेठ चहाकडे बघत म्हणाले, "टाकीवालाच." मला परत चढवलं, नवा रॉडही बसवला. त्याची किंमत गॅसवाल्याच्या मजुरीएवढीही नव्हती; लोकेशने जुनं बिल काढून पुन्हा वाचलं.

आठवड्याने मुआज आले, मला रुस्ताकला न्यायला. मी भिंतीला घट्ट धरलं. मैत्री प्रणालीला खांद्यावर घेऊन बाथरूमच्या दारात उभी राहिली. मालकांना इथे म्हणतात तसं म्हणाली, "अर्बाब, जुना आमचा. तुम्ही नवा न्या." मुआज यांनी आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्या पोच्याकडे. म्हणाले, "खलास," म्हणजे ठरलं, आणि खुशीत गॅसवाला घेऊन गेले. रुस्ताकच्या थंडीत त्याचं भलं होवो.

आता मी वर आहे, बटण बंद. पहाटे पोट भरतं, सकाळी ललिताबाई नातीला न्हाऊ घालतात आणि ती रडत नाही. मी जुना आहे, खालून थोडा गंजलोय, भाव विचाराल तर भंगाराचा येईल. नोव्हेंबरात बटण लावा, तापवून देईन. तोवर लाल नळ माझा आहे. आणि कुणाला मला उतरवायचंच असेल, तर त्याने जूनमध्ये यावं.