न गळणारे केस

“चावला! आत्या, चावला हा मला!”

भाची हात झटकत स्वयंपाकघरात शिरली. सिस्टरने गॅस बंद केला, तिचा हात नळाखाली धरला, साबण लावला आणि उजेडात उलटसुलट करून पाहिला. दातांचे दोन लाल ठिपके होते, कातडी फुटली नव्हती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी शेजारीपाजारी तिला सिस्टरच म्हणत. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

“काय करत होतीस त्याला?”

“काही नाही गं! कानापाशी रिबीन बांधत होते. फोटो काढायचा होता.”

बाहेरच्या खोलीत भाऊ फोनवर बोलत होता. “हो, चावरा झालाय. महिन्यात तिसरी वेळ. आज चारला येताय? चालेल.”

“कुणाला बोलावलंस?” सिस्टरने दारातून विचारलं.

“प्राण्यांच्या आश्रमवाल्यांना. घेऊन जातील.”

“चावरा म्हणून दिलास तर पुढे कोण घेणार त्याला?”

“कुणी नाही घेत. पिंजऱ्यातच राहतो म्हणे जन्मभर. मग मी काय करू, ताई? माझ्या पोरीला चावलाय तो.”

सिस्टर गॅलरीत गेली.

कुरळ्या हा कुत्रा दोन वर्षांपूर्वी अगदी चौकशी करून आणला होता. वहिनीची अट एकच, केस गळणारा नको. तिला शिंका येत आणि सोफा फिक्या रंगाचा होता. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, एक केस सापडला तर कुत्रा परत आणा. त्याचा शब्द खरा ठरला. घरात कधी केस सापडला नाही, आणि भाऊ येईल त्याला सांगू लागला, काडीचा त्रास नाही बघा! दर रविवारी सुवासिक शाम्पूने आंघोळ, मशीनने वाळवणं, वरून ब्रश फिरवणं, की कुरळ्या कापसाच्या ढिगासारखा फुलायचा. पाहुणे कौतुक करायचे.

आता तो भिंतीला पाठ लावून बसला होता. सिस्टर शेजारी फरशीवर टेकली. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला पहिल्यांदा जिथे हात घालून बघायचा, तिथेच तिने बोटं घातली, काखेत. बोटं आत जाईनात. वर बोटभर मऊ कापूस, आणि त्याखाली कातडीला घट्ट चिकटलेला केसांचा जाड थर, नमद्यासारखा दाबलेला. पोटाशी तेच. कानामागे तेच. बोटाला ओल लागली. तिने बोट नाकाशी नेलं. हा वास तिने पाठी सडलेल्या पेशंटांच्या चादरींखाली घेतला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“इकडे या! सगळे या!”

हा आवाज वॉर्डातला होता. तिघंही धावत आली.

“हात घाल इथे,” ती भावाला म्हणाली. “वरून नाही. आत घाल. आता वास घे.”

भावाने हात मागे घेतला. वहिनी गोंधळली. “अहो वन्सं, दर रविवारी आंघोळ घालतो की आम्ही!”

“न विंचरता?”

“केसच गळत नाहीत त्याचे. विंचरायचं कशाला?”

“गळत नाहीत म्हणजे जातात कुठे? सुटलेला केस तिथेच अडकतो, गुंततो. त्यावर तुम्ही पाणी ओतता, की तो आणखी आवळतो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घातल्यावर काय होतं? हा जीव तसला आटलेला स्वेटर अंगावर घेऊन फिरतोय, आणि तुम्ही त्याचे फोटो काढताय! रिबिनीसाठी कान ओढलात तेव्हा कातडी तटतटली त्याची. माणूस असता तर शिव्या घातल्या असत्या. याच्याकडे दातच आहेत. आणि पिंजऱ्यात कोण जाणार? हा! चोर सोडून संन्याशाला फाशी!”

भाची रडकुंडीला आली. भाऊ मात्र चिडला.

“एवढं कळतं तुला, तर आधी का नाही बोललीस? तूही याच घरात राहतेस ना?”

सिस्टरने कुरळ्याकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी कुरळ्या तिच्या पायाशी येऊन बसायचा. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, शहाणं बाळ म्हणायची आणि पेपर वाचायची. चादर पांढरीशुभ्र आहे म्हणून पेशंट बरा नसतो, त्याला कुशीवर वळवून बघा, असं म्हणत तिने किती नव्या नर्सना रडवलं होतं! आणि दोन वर्षं तिनेही वरूनच हात फिरवला. संताप कमी झाला नाही. आता तो तिच्यावरही होता.

तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार, दवाखाना बंद. उद्या सकाळी पहिला नंबर देतो, तोवर जमेल तेवढं कोरडंच कापा, पाणी लावू नका, म्हणाले.

तिने ड्रेसिंगची बोथट टोकाची कात्री आणि बारीक कंगवा आणला. कातडी आणि गुंत्याच्या मधे कंगवा सरकवायचा आणि त्याच्या वरून कापायचं, म्हणजे कातडीला पातं लागत नाही.

“पाठीकडून सुरू कर,” भाऊ खुर्चीतून म्हणाला. “की मशीन आणू?”

“उंटावरून शेळ्या हाकू नकोस. खाली बस. मानेवर हात ठेव त्याच्या. दाबायचं नाही, नुसता ठेवायचा.”

तो बसला. कुरळ्या गुरगुरला की ती थांबायची. गुरगुर थांबली की पुन्हा एक इंच. वहिनी न सांगता स्वच्छ टॉवेल घेऊन आली आणि शेजारी बसली. अडीच तासांनी सगळं अंगावरून निघालं, एकसंध, चटईसारखं. खालून निघालेला कुत्रा निम्मा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात. काखेत आणि कानामागे लाल, ओले चट्टे. वहिनी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

चारला आश्रमाचा माणूस पट्टा आणि फॉर्म घेऊन आला. “चावरा तो हाच?”

त्याने वाकून चट्टे पाहिले. कापलेली चटई उचलून उलटी केली. मग ताठ उभा राहिला.

“हे कुणी केलं याचं?”

भावाने मान खाली घातली. वहिनी सिस्टरकडे बघू लागली.

“आम्ही,” सिस्टर म्हणाली. “घरात चार माणसं आहोत, मला धरून. चौघांनी केलं. लिहून घ्या.”

“तसा रकाना नाहीये यात, बाई.”

“मग समासात लिहा! त्याच्या नावापुढे चावरा लिहायला जागा आहे, आमच्या नावापुढे काही लिहायला नाही?”

माणूस पेन उघडून तसाच उभा राहिला. भावाने पुढे होऊन त्याच्या हातातला फॉर्म घेतला.

“नका नेऊ. राहू दे त्याला. म्हणजे… तो राहत असेल तर.”

“मी महिन्याने बघायला येईन,” माणूस करड्या आवाजात म्हणाला.

“न सांगता या,” सिस्टर म्हणाली.

दार लागलं. कुरळ्या उघड्या फरशीवर पोट टेकून आडवा झाला होता. थंडावा लागावा म्हणून त्याने चारही पाय पसरले होते. भाचीने त्याच्याकडे हात नेला.

“आज नको,” सिस्टर म्हणाली. “आज हात लावायला जागा नाही त्याच्या अंगावर.”

भाचीने हात मागे घेतला आणि ती तिथेच बसली. मग भाऊ खाली बसला, वहिनी बसली, सिस्टरही गुडघे धरत बसली. आपापले हात मांडीवर ठेवून चौघं त्याला झोप लागण्याची वाट बघू लागली.