आवणाचं वळण

ही गोष्ट दोन हजार एकोणीस सालातली. भिवंडीच्या वेशीवरच्या जुन्या कॉलेजचं मानकरीपण त्या वर्षी पहिल्यांदाच एका बाईकडे चालून आलं. ती बाई म्हणजे तिथेच तीस वर्षं मराठी शिकवून घरी बसलेली तुळजा.

मानकऱ्याचं काम काय, तर वर्धापनदिनी चांदीने मढवलेली काठी धरून फाटकापासून व्यासपीठापर्यंत मिरवणुकीच्या पुढे चालायचं. मग जन्मभर लग्नपत्रिकांत नावापुढे ‘मानकरी’ छापून घ्यायचं. वाटेत डांबरी मैदानाच्या मधोमध, जिथे साधा खड्डाही नाही, तिथे सगळी मिरवणूक डावीकडून वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते. त्या वळशावर एका प्राध्यापकाने भाषण ठोकलं होतं, विद्येची वाट सरळ नसते म्हणून. टाळ्याही पडल्या होत्या.

वळसा कुठून आला ते तुळजाने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती नऊ-दहा वर्षांची असताना कॉलेजचं उद्घाटन भर जुलैत निघालं, कारण मोठ्या साहेबांना तेव्हाच सवड होती. चहूकडे चिखल, वाट अशी नाहीच. तेव्हा पाहुण्यांना बांधावरून न्यायला तिचा बाप नामा काठी टेकत पुढे झाला. जमीन त्याचीच, कॉलेजला दिलेली. एवढं पीक निघेपर्यंत मधलं आवण, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, तेवढी त्याने राखली होती.

“आवनात पाय नको सायेब, वर्साचं खानं हाय,” असं म्हणत त्याने साहेबांनाही वळसा घालायला लावला.

दुसऱ्या वर्षी चिखल होता म्हणून त्यालाच बोलावलं. तिसऱ्या वर्षी सडक झाली, तरी सवयीने बोलावलं. नामा गेला आणि या सवयीचा मान झाला. काठीवर चांदी चढली, मग फेटा आला, मग जरीच्या काठाचा झगा. चिखल बघून गाडीतून न उतरणारे लोक मानकरी होऊ लागले.

तुळजा या थाटाला नाक मुरडत आली होती. पण बापाच्या जागी एकदा चालावं, असं तिला जन्मभर वाटत होतं, हेही खरं.

निरोप घेऊन प्राचार्य कुमार आणि राहनाळचा गोदामवाला भूपेश आले. कॉलेजची नवी इमारत भूपेश बांधून देत होता.

“आत्या, यंदा मान तुझा,” गावच्या नात्याने तिला आत्या म्हणणारा भूपेश म्हणाला. “भाषणात येवढंच बोल, पयला मानकरी माझा आजा होता.”

“तुझा आजा त्या दिवशी मांडवात बसून जिलेबी खात होता.”

“आता कोन बघायला हाय? इमारतीला त्याचं नाव देतोय. मागं काय तरी आधार पायजे ना.”

“बाई, इतिहास शेवटी लवचिक असतो,” कुमार म्हणाले. ते इतिहासच शिकवायचे.

“तुमच्या कण्यासारखा.”

“मग काठी दुसऱ्याकडं जाईल, आत्या.”

तुळजाने चहा ओतला, कप त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हणाली, “येईन मी. काय बोलायचं ते माझं मी बघते.”

याला होकार समजून दोघे खुशीत गेले.

वर्धापनदिनी तिने झगा घातला नाही. काठी घेतली आणि वळणापाशी येऊन थांबली. बँडही थांबला.

“इथे माझ्या बापाचं, नामाचं आवण होतं,” ती मागे वळून म्हणाली. “ते तुडवलं जाऊ नये म्हणून तो वळला. तुम्ही काय वाचवताय?”

आणि ती सरळ चालत गेली. बँडवाले घुटमळले, मग सवयीने डावीकडे वळले. प्राध्यापक, पाहुणे, भूपेश, सगळे त्यांच्यामागून वळले. व्यासपीठावर तुळजा एकटीच आधी पोचली. भाषणाला तिला कुणी उभं केलं नाही.

कुमार निवृत्त झाले आणि भूपेशच्या मानकोलीच्या शाळेत संचालक म्हणून बसले. इमारतीला आजाचं नाव लागलंच. पुढे साथीची दोन वर्षं मिरवणूक निघाली नाही, त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. तिसऱ्या वर्षापासून भूपेशच मानकरी आहे.

तुळजाचं बोलणं मात्र त्याने वाया जाऊ दिलं नाही. वळणावर आता चौथरा आहे, त्यावर प्लॅस्टिकची हिरवीगार रोपं आणि ‘ऐतिहासिक आवण’ अशी पाटी. पाटीवर नाव भूपेशच्या आजाचं. मिरवणूक तिथे वळते आणि फुलं वाहते.

तुळजाला पुन्हा बोलावणं आलं नाही. बाजाराला जाताना ती कधी फाटकाशी रिक्षा थांबवून बघते. परवा एक शेळी चौथऱ्यावर चढली होती. तिने रोपांना तोंड लावलं, हुंगलं आणि खाली उतरून निघून गेली.

नामाचं आवण असतं, तर तिने बुडखाही ठेवला नसता.