दोन बोटं माया

"अडीच मीटर घ्या, ताई. सगळ्या अडीचच नेतात," दुकानदार म्हणाला.

"मी सव्वादोनात बसवते." आत्याने पिशवीतून मापाचा खाकी कागद काढून थेट काउंटरवर पसरला. दुकानदाराने कपाळाला हात लावला. ही बाई कापड घ्यायला येते की दुकान मोजायला, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

निळ्या कापडावरची पानं सगळी एकाच दिशेला होती. म्हणजे एक तुकडा उलटा ठेवून कापड वाचवायची सोय नाही. आत्या कागद सरकवत राहिली. शेवटी कॉलरच्या आतल्या बाजूला जोड द्यायचं ठरलं, आणि सव्वादोनात बसलं.

तो कागद भाचीचा होता. ती पाच वर्षांची असताना कापलेला. पोर वाढली की आत्या कडेला नवी पट्टी चिकटवायची. आता मूळचा कागद मध्ये एवढासा दिसत होता. आत्याचं लग्न राहून गेलं, ती भावाकडे राहिली आणि घराचं सगळं शिवण तिच्या गळ्यात आलं. तिने कुरकुर केली नाही, आणि कौतुक कुणी केलं नाही. सोमवारी भाची नोकरीवर रुजू होणार होती. पहिल्या दिवशी तिच्या अंगावर आपल्या हातचा ड्रेस असावा, एवढंच आत्याला हवं होतं.

शनिवारी भाचीने तो घालून पाहिला.

"आत्या, शिवणी किती जाड गं! टोचतात."

"दोन बोटं माया सोडलीय आत. उद्या अंग भरलं तर उसवता येईल."

"आता काय वाढायचं वय आहे का तिचं?" वहिनी हसत म्हणाली. "तुमची मायाच फार, वन्सं."

भाचीही हसली. आत्याला हसता आलं नाही.

सोमवारी भाची दुकानातून आणलेला तयार ड्रेस घालून गेली. पांढरा होता, शिवणी कागदासारख्या पातळ. "छान दिसतेस," आत्या म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

महिन्याभराने भांडीवाली निळा ड्रेस घालून दारात उभी राहिली.

"वहिनींनी दिला, आत्याबाई. काखेत दाटत होता, म्हणून उसवला. तर आत ही एवढी माया! कोण ठेवतं हो हल्ली?"

तेवढ्यात भाची घाईघाईने बाहेर आली, चपला पायात सरकवता सरकवता तिचं लक्ष गेलं.

"अय्या, काय गोड रंग आहे गं! कुठून घेतलास?"

भांडीवाली गोंधळली. तिने आत्याकडे पाहिलं. उत्तराची वाट न बघता भाची जिना उतरून गेलीसुद्धा.

"हात वर कर," आत्या म्हणाली. उसवलेल्या जागी सुईच्या जुन्या भोकांची सरळ रांग दिसत होती, आणि तिच्याबाहेर भांडीवालीने हाताने घातलेले वेडेवाकडे टाके.

"असं नाही टिकायचं. काढ तो. माझा गाऊन घालून बस जरा."

आत्या मशीनवर बसली. भोकांच्या रांगेबाहेर नवी टीप घातली, कडेला एक बोट माया शिल्लक ठेवून.